पाचाची निळी नोट

१

ही गोष्ट २०१९ सालची, मे महिन्यातली. जळगावात त्या वर्षी ऊन असं पेटलं होतं की अकरा वाजले की गल्ल्या ओस पडायच्या, खिडक्यांवर ओले पडदे चढायचे आणि घराघरातून कूलरची एकच घरघर ऐकू यायची. असल्या दुपारी माणूस घरात एकटा असला, की शेजारच्या खोलीत कोणीतरी बसलंय असं त्याला वाटत राहतं. धनसिंग आबांच्या घरात तर त्या दिवसांत सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

आबा गेले चार तारखेला. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. दुपारी जेवून आपल्या खोलीतल्या आरामखुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. हृदय आधीपासूनच अशक्त होतं, त्यामुळे त्या मरणाविषयी कोणाच्या मनात काही आलं नाही. मनात आलं ते बाराव्या दिवशी, आबांचं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा.

आबांना जुन्या नोटांचा नाद होता. कंडक्टरच्या कातडी पिशवीत दिवसाकाठी शेकडो नोटा यायच्या. त्यातली एखादी वेगळ्या रंगाची दिसली की आबा पदरचे पैसे टाकून ती ठेवून घ्यायचे. नोट एकच, पण एका छपाईत शाई गडद, दुसरीत फिकी, तिसरीत जरा पिवळसर. लोकांना हे दिसत नाही, आबांना दिसायचं. आणि त्यांच्या सगळ्या संग्रहाचा राजा म्हणजे एक जुनी, मोठ्या आकाराची पाचाची नोट. तशा नोटा असतात हिरव्या. ही होती निळी. छापतानाच रंग चुकलेली, अशी दुसरी कुठे नसेल, असं आबा छातीवर हात ठेवून सांगायचे.

ती बघायला धुळ्याच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक ललित सर यायचे होते. आबा असतानाच ठरलं होतं. आबा गेल्यावर ते बाराव्याला आले, फोटोला हार घातला, आणि संकोचत म्हणाले, "वहिनी, ती नोट एकदा बघता आली तर..."

दिपमालाने, म्हणजे आबांच्या विधवा सुनेने, कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. अल्बम सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवला. पारदर्शक कप्प्यांची पानं उलटत ती मधल्या पानावर आली आणि तिचा हात तसाच थांबला.

कप्प्यात नोट होती. पाचाचीच होती. पण हिरवी होती.

"हे कसं झालं?" दिपमाला पुटपुटली. "नवव्या दिवशी मी धूळ झटकायला काढलेला अल्बम. तेव्हा निळी होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलीय."

फोटोपुढच्या समईची वात तडतडली तेवढीच. मागून कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "आबा गेले, रंगही घेऊन गेले."

२

भुताखेताची भाषा संध्याकाळपर्यंत टिकली. मग भाऊबंद माणसांच्या भाषेत बोलू लागले, आणि ते जास्त वाईट होतं.

"किल्ली कोनाकडे होती? दिपमालाकडे," भूषण म्हणाला. हा आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा, रावेरला केळीची बाग सांभाळणारा. हे घर आबांनी आणि भूषणच्या वडिलांनी मिळून बांधलेलं, कागदावर दोघांचीही नावं. "आबाचा जीव होता तिच्यावर म्हनून मी इतके दिवस गप होतो. पन चोरी करनारीले या घरात जागा नाही. रविवारी सगळे बसू. नोट निघाली तर ठीक, नाही तर तिनं धरणगावले माहेरी जावं."

दिपमालाचा नवरा किरण सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. धरणगावला आता फक्त भाऊ-भावजय. बालवाडीतली नोकरी इथली, ओळखीपाळखी इथल्या. चोर म्हणून निघालेली बाई कुठेही गेली तरी चोरच राहते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडत होती. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं बायांना वाटतं.

ते ऐकलं सुनंदाबाईंनी. आबांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. सगळे त्यांना अक्काच म्हणत. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडी आणायची, अक्कांनी एकदा बघायचं, आणि मागच्या शे-दोनशे ताग्यांतून नेमका तोच ब्लाउजपीस ओढायचा. आबांना रंग बघायला अक्कांनीच शिकवलं होतं. पोपटी, मेंदी, बाटलीचा हिरवा, शेवाळी, ही नावं आबांच्या नोटांच्या वहीत गेली ती अक्कांच्या दुकानातून.

त्यांनी न्हाणीचं दार वाजवलं. "बाहेर ये व माय. डोळा पुस. ती नोट घे आणि ओट्यावर चल."

"ओट्यावर कशाला?"

"घरातल्या उजेडात रंग कळतो का कधी? उजाळामा दखना पडस, उन्हाच्या उजेडात बघावं लागतं."

संध्याकाळचं ऊन अजून स्वच्छ होतं. अक्कांनी नोट कप्प्यातून चिमट्याने काढली, उन्हाकडे पाठ केली आणि स्वतःच्या सावलीत नोट धरली. बराच वेळ बघितलं. नोटेवर पाणचिन्ह दिसावं म्हणून सोडलेली पांढरी गोल जागा होती, तीही निरखली. तिथे जरासं काहीतरी चकाकल्यासारखं वाटलं, गोगलगाय गेल्यावर राहतं तसं. पण डाग काही नव्हता.

"आबाची वही आण."

वहीत आबांच्या ठसठशीत अक्षरात पाचाच्या नोटांची यादी होती. पोपटी, एक. मेंदी, एक. बाटली, दोन. निळी, एक. आणि खाली लाल शाईत: "शेवाळी — नाही. शोधणे."

अक्कांनी अल्बम चाळला. पोपटी जागेवर होती. मेंदी जागेवर. बाटलीच्या दोन्ही जागेवर.

"आता ही हातातली बघ," त्या म्हणाल्या. "काय रंग?"

दिपमालाने डोळे बारीक केले. "हिरवाच की."

"विहिरीच्या पायरीवरचा हिरवा. जरा काळसर, जरा पिवळा. शेवाळी." अक्कांनी नोट परत कप्प्यात सारली. त्यांचा आवाज खाली आला. "धनाने वीस वर्षं शोधली, त्याला मिळाली नाही. तो गेल्यावर त्याच्या बंद कपाटात आली."

दिपमालाच्या अंगावर काटा आला. अक्कांच्याही आला असेल, पण त्यांनी तो दाखवला नाही. एक गोष्ट त्यांना कळली होती. ही नोट या घरातली नव्हतीच. कोणीतरी बाहेरून आणून ठेवली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी भूषणला गाठलं. तो अंगणात ट्रॅक्टरच्या कोणत्यातरी भागाविषयी फोनवर कोणाला तरी झापत होता.

"भूषण, कपाट कधी उघडं होतं रे?"

"अक्का, तुमी पोलीस झाल्या की काय?"

"तुझ्या लंगोटीला गाठ मारत होते मी. सरळ बोल."

भूषण हसला आणि बसला. "दहाव्याले होतं उघडं. भांडी, धोतरं, समया, सगळं त्यातूनच निघत होतं ना. पन माणसं बठ्ठी, सगळीच्या सगळी, मागच्या अंगणात. मी रावेरहून केळीची पानं आनली होती, देठासकट. देठ कापाले मी न् हितेंद्र शेठ बसलो होतो." त्याला आठवून हसू आलं. "शेठले म्हनलं, हाताले गोडेतेल लावून घ्या. त म्हने, आमचे हात सोन्यावाल्यांच्या गल्लीतले, तेलकट चालत नाही. म्या दिपमालाकडून वाटी मागून घेतली, कोपरापर्यंत चोपडलं. ते बसले तसेच, पांढरा सदरा घालून."

"आणि मग?"

"मग पंगत बसली. शेठ हात पुसत आत गेले, म्हने पानी पितो."

हितेंद्र शेठ म्हणजे आबांचे पंधरा वर्षांचे मित्र. सराफ बाजारामागे जुनी नाणी आणि नोटांचं छोटं दुकान. आबांची निळी नोट त्यांच्याकडूनच घेतलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते रोज सकाळी येऊन आबांच्या फोटोसमोर दहा मिनिटं बसायचे. त्या दिवशीही आले.

"शेठ, तुम्हाला काय वाटतं?" अक्कांनी विचारलं.

हितेंद्रने चष्मा पुसला. "अक्का, मेलेल्या माणसाविषयी बोलवत नाही. पण आबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन करा म्हणून मी किती मागे लागलो. मला वाटतं, नोट पहिल्यापासून हिरवीच होती. त्यांना निळी दिसायची. आम्ही त्यांचं मन मोडू नये म्हणून हो म्हणत आलो. दिपमालाला उगाच का बोल लावायचा?"

किती मायेने बोलला! दिपमाला दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले. या घरात उघडपणे तिची बाजू घेणारा हा पहिलाच.

अक्कांना मात्र आपलं दुकान आठवलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका गिऱ्हाइकाची साडी निळी होती, अक्कांनी तिला हिरवट फॉल लावून दिला, आणि त्या बाईने तो दुकानात सगळ्यांसमोर फडकावला. त्या दिवशी अक्का गल्ल्यावरून उठल्या. मोतीबिंदूच्या डोळ्याला जग पिवळट दिसतं. निळं असेल ते हिरवट वाटतं. हिरव्याचं निळं कधीच दिसत नाही. आणि गेल्या दिवाळीत, ऑपरेशन झालेल्या स्वच्छ डोळ्यांनी, ह्याच ओट्यावर अक्कांनी ती नोट पाहिली होती. निळीच होती.

शेठ खोटं बोलत होता, की त्याला फक्त डोळ्यांतलं कळत नव्हतं?

ललित सरांना त्यांनी फोन लावला. ते बिचारे घाबरलेच. "अक्का, मी महिनाभर जळगावात पाऊल टाकलं नव्हतं. बाराव्याला आलो तेव्हा तुम्ही सगळे होतात, अल्बमला माझा हातही लागला नाही. मी फक्त आबांना म्हणालो होतो, प्रदर्शनात ठेवण्याआधी शाई तपासून घेऊ. मुंबईला सोय आहे. हितेंद्र शेठनाही मी तसं कळवलं होतं, नोट त्यांच्याकडची म्हणून."

"कधी कळवलं?"

"एप्रिलअखेर."

फोन ठेवतात न ठेवतात तोच आतल्या खोलीतून दिपमालाची किंकाळी आली.

अल्बम तिच्या मांडीवर उघडा होता. शेवाळी नोटेच्या पांढऱ्या गोलात, काल जिथे काही नव्हतं तिथे, तपकिरी डाग उमटला होता. लांबट, जरा तिरपा. अंगठ्याचा.

"आबा नोट इथेच धरायचे," दिपमालाचे ओठ पांढरे पडले होते. "नेहमी. गोलावर अंगठा ठेवून. अक्का, काल हा नव्हता. किल्ली माझ्या कमरेला आहे. हा आत कसा आला?"

४

शुक्रवारी डाग आणखी गडद झाला. शेजारच्या कप्प्याच्या कडेवरही एक बोट उमटलं. शेजारणी दारातूनच वाकून बघून जाऊ लागल्या. कोणी लिंबू-मिरची सुचवली, कोणी नारळ.

"तो आवाज पण येतो," दिपमाला हळूच म्हणाली. "तुम्हाला सांगायला भीती वाटत होती. आबांच्या खोलीत. रोज बारा वाजले की. वरून."

"कसला आवाज?"

"खुट्ट, खुट्ट. आबा पंच वाजवायचे ना तिकिटाचा, तसा."

बारा वाजता अक्का आबांच्या खोलीत एकट्या जाऊन बसल्या. आरामखुर्चीत नाही, खाली, भिंतीला टेकून. खोलीत आबांच्या तपकिरीचा वास होता. खुर्चीच्या कापडावर डोक्याच्या ठिकाणी तेलाचा गोल. लहानपणी दोघं भावंडं बापाच्या मागे बाजाराला जायची, तेव्हा बाप कनवटीची नोट सोडून धनाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, घट्ट धर. धना ती अशीच धरायचा, गोलावर अंगठा दाबून. अक्कांना वाटलं, आत्ता जर खुर्ची हलली तर आपण पळणार नाही. आपण विचारू, काय रे धना, जेवलास का.

बाहेर झळा सुटल्या. पडदा आत ओढला गेला.

खुट्ट. खुट्ट.

वरून. अगदी डोक्यावरून.

अक्का उठल्या. जिना धरून, थांबत थांबत गच्चीवर गेल्या. पाय भाजत होते. गच्चीवर दिपमालाच्या बिबड्या, ज्वारीचे पापड, धोतरावर वाळत पडलेल्या, आणि त्यांच्या पलीकडे, बरोबर आबांच्या खोलीवर, कोपऱ्यात काचेचा एक तुकडा होता. दोन टोकांना विटा ठेवलेल्या. एक वीट सरकली होती, आणि झळ आली की मोकळं टोक उचलून फरशीवर आपटत होतं.

त्या वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. फरशी भाजत होती हे त्यांना कळलंच नाही.

काचेखाली पाचाची एक फाटकी, बिनमोलाची हिरवी नोट होती. अर्ध्यावर पुठ्ठा बांधलेला. अक्कांनी पुठ्ठा काढला. झाकलेला अर्धा भाग हिरवा होता. उघडा अर्धा निळा.

पुठ्ठ्याच्या आत आबांचं अक्षर: "होळीच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. अक्का म्हणाली ते खरं आहे."

गेल्या दिवाळीत नोट बघून अक्का सहज म्हणाल्या होत्या, आमच्या दुकानात काचेत टांगलेलं हिरवं कापड उन्हाने असंच निळं पडतं रे. पिवळा रंग उडतो, खालचा निळा राहतो. धना तेव्हा हसला होता. हसून विसरला असं त्यांना वाटलं होतं. तो विसरला नव्हता. दीड महिना रोज गच्चीवर चढून त्याने आपल्या राजाचं मरण बघितलं होतं.

म्हणजे निळी नोट दुर्मिळ नव्हती. उन्हात तापवलेली साधी हिरवी नोट होती. तिची कवडीही आली नसती.

"मग ती चोरून कोणाला काय मिळालं?" मागून आलेल्या दिपमालाने विचारलं.

"मिळवायला नाही चोरली," अक्का म्हणाल्या. "लपवायला चोरली."

५

शनिवारी सकाळी रिक्षा करून अक्का हितेंद्रच्या घरी गेल्या. तो दुकानात होता, हे बघूनच. घरी त्याची बायको रोशनी होती, हसतमुख, बोलकी.

"या अक्का! तुमचीच आठवण काढली बघा कालच. तुम्ही कपड्यातल्या माणूस, मला एक सांगा." आणि अक्का पाण्याचा पेला तोंडाला लावतात तोवर ती आतून एक पांढरा सदरा घेऊन आली. "दहाव्याला घालून गेले होते. आले तेव्हा नुसता ओला दिसत होता, मी भिजवून टाकला. धुतला तर हे! साबण झाला, लिंबू झालं, धोब्याकडे देऊन झालं. जेवढा धुवावा तेवढा काळा होतोय. यांना म्हटलं अक्कांना विचारते, तर माझ्यावरच खेकसले."

बाहीवर तपकिरी शिंतोडे होते. आणि खिशाच्या काठावर, आतून-बाहेरून, अंगठ्याचा आणि दोन बोटांचा डाग. हात खिशात काहीतरी सारायला जातो तसा.

केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो. दिसतसुद्धा नाही. हवा लागून दिवसागणिक पिकतो आणि मग मरेपर्यंत जात नाही. रावेरचं लहान पोरही देठ कापायच्या आधी हाताला तेल लावतं. सराफ गल्लीतल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याचं त्याने ऐकलं नाही.

"कशाने जाईल हो?" रोशनीने विचारलं.

अक्कांना त्या पोरीची इतकी दया आली की क्षणभर सदरा परत द्यावा असं वाटलं. पण नळाखाली रडणारी दुसरी एक पोर त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"मला नेऊ दे," त्या म्हणाल्या. "बघते."

६

रविवारी अकरा वाजता भाऊबंद जमले. दिपमालाने आपली ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. कोणी जा म्हणायच्या आधी आपण तयार असावं, एवढाच तिचा मान उरला होता. हितेंद्रही आला, फोटोला नमस्कार करून भिंतीशी बसला. ललित सर धुळ्याहून आले होते.

"हं, अक्का," भूषण म्हणाला. "नोट निघाली का?"

"नोट नाही निघाली. माणूस निघाला." अक्कांनी शेवाळी नोट सगळ्यांसमोर ठेवली. "ही धनाच्या वहीत नाही. दिपमालाकडे नाही, तुझ्याकडे नाही. अशी नोट नोटांच्या व्यापाऱ्याकडे असते. ट्यूबलाइटमध्ये त्याला ती साधी हिरवी वाटली, म्हणून त्याने बदली ठेवायला उचलली."

"अक्का, व्यापारी काय मी एकटाच आहे?" हितेंद्र हसत म्हणाला.

"नाहीस. पण मोतीबिंदूचं मला सांगणारा तू एकटाच. नोट पहिल्यापासून हिरवीच होती, असं सगळ्यांनी धरून चालावं, हे तुलाच हवं होतं." त्यांनी काचेखालची अर्धी हिरवी, अर्धी निळी नोट पुढे ठेवली. ललित सर एकदम पुढे सरकले. "धनाला कळलं होतं. ललित सर शाई तपासणार होते, तेव्हा जगाला कळलं असतं. पंधरा वर्षांच्या दुकानावर कोणी पाय ठेवला नसता."

"हे सगळे अंदाज आहेत."

अक्कांनी पिशवीतून सदरा काढला आणि पसरला. नोटेच्या गोलावरचा अंगठा त्यांनी खिशावरच्या अंगठ्याशेजारी ठेवला. तोच तिरपा, तेवढाच लांब.

भूषण आधी खाली वाकला. त्याने डागावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. तो केळीतला माणूस. त्याला आणखी सांगायची गरज नव्हती. "शेठ," तो हळू म्हणाला, "तेल लावा म्हनलं होतं ना मी तुमाले."

हितेंद्रने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"मी ती मुद्दाम केली नव्हती, अक्का. दुकानाच्या काचेत पडून होती दोन उन्हाळे. आबा आले, त्यांनी पाहिली, आणि त्यांचा चेहरा... 'निळी! हितेंद्र, निळी!' असं ओरडले. मी काही बोललो नाही. एवढंच केलं. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली. मग कधी सांगू? दर वेळी ते चार माणसांना दाखवायचे. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, वर चल, गंमत दाखवतो. ऊन फार आहे म्हणून मी गेलो नाही. पण त्यांच्या डोळ्यांवरून मला कळलं. रागावले नव्हते. म्हणाले, ललितला दाखवू, तो काय म्हणेल ते खरं."

"नोट कुठे आहे?" ललित सरांनी विचारलं.

"जाळली."

"नोटेचं सोड," अक्का म्हणाल्या. "एका नोटेवरून धना तुला काही बोलला नसता. पण बाराव्यापासून आजपर्यंत ह्या पोरीला चोर म्हणत होते, आणि तू रोज सकाळी येऊन इथे, ह्या भिंतीशी, हात जोडून बसत होतास. त्या दहा मिनिटांत एकदा तरी तोंड उघडलं असतंस."

बाहेर झळ सुटली, वरून काहीच आवाज आला नाही. अक्कांनी काच आदल्या दिवशीच खाली आणून ठेवली होती. तरी जमलेल्यांपैकी दोन-तीन जणांनी मान वर करून छताकडे पाहिलंच.

७

पोलिसात कोणी गेलं नाही. हितेंद्रने नोटेचे पैसे सहा महिन्यांत दिपमालाला परत केले आणि दुकान बंद केलं. तो आता सुरतेला मेहुण्याच्या कापडाच्या गोदामात बसतो असं ऐकिवात आहे. रोशनी वर्षभर माहेरी राहिली, मग मुलांसाठी त्याच्याकडे गेली. जाण्याआधी ती अक्कांना भेटायला धुळ्याला आली होती. सदऱ्याविषयी ती काही बोलली नाही, अक्काही बोलल्या नाहीत. दोघी पापडखाराविषयी बोलत बसल्या.

शेवाळी नोट हितेंद्रने परत मागितली नाही. ललित सरांनी ती आबांच्या बाकीच्या नोटांबरोबर कॉलेजात काचेत लावली, उन्हापासून लांब, आणि खाली आबांचं नाव घातलं. अर्धी हिरवी, अर्धी निळी नोटही तिथेच आहे. खोटा रंग कसा ओळखावा हे मुलांना शिकवायला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते, असं ते सांगतात.

सुनंदाबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. शेवटपर्यंत त्यांना एकच लागून राहिलं होतं, की त्या दिवाळीत आपण तोंड मिटून राहिलो असतो तर धना आणखी चार वर्षं आपली निळी नोट बघत जगला असता. दिपमालाने त्यांना परोपरीने सांगितलं, आबांना खरं कळलेलंच आवडलं असतं. अक्का मान हलवायच्या. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कळायचं नाही.

भूषणला त्या रविवारची लाज वाटली, आणि त्याने ती भरून काढायचा प्रयत्न केला, हे कबूल केलं पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात त्याने आपल्या वाट्याचं घर दिपमालाच्या नावे करून दिलं. नोंदणी कार्यालयात दोघांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले, फोटो काढले. कागद घेऊन तो तिला घरापर्यंत सोडायला आला. दारात थोडा घुटमळला. पावसातून आलेलं माणूस होतं, जवळचं होतं.

दिपमालाने कागद आत नेऊन ठेवले, बाहेर येऊन नीट नमस्कार केला, आणि दार लावून घेतलं. चहा विचारला नाही.